तिनं लावलेलं घड्याळ

आमच्या घरात भिंतीला दोन घड्याळं आहेत. एक इथलं, एक बोस्नियाचं.

इथलं बाहेरच्या खोलीत आहे, कंपनीतून रिटायर होताना मिळालेलं. बोस्नियाचं स्वयंपाकघरात, फ्रिजच्या वर उंच खिळ्याला. ते बायकोनं दोन वर्षांपूर्वी चिखलीच्या बाजारातून आणलं. पांढरी तबकडी, ठसठशीत आकडे, लाल सेकंदकाटा. आणल्या आणल्या तिनं ते मागं लावून टाकलं, इथल्यापेक्षा साडेतीन तास मागं. घरात येणारा म्हणायचा, काकू, घड्याळ बंद पडलंय तुमचं. ती म्हणायची, "बंद न्हाई. ते तिकडचं हाय."

तिकडं माझी लेक असते. एकुलती. चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होती. त्या कंपनीत पत्रा दाबायचा मोठा प्रेस बसवायला बोस्नियाहून चार माणसं आली होती, त्यातल्या एकाशी तिनं लग्न केलं. मी तीस वर्षं प्रेसवर काढली, आणि प्रेस बसवणाऱ्यानंच माझी लेक नेली. मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही. बायको बोलायची. मी बाहेरच्या खोलीत पेपर धरून बसायचो आणि कान आत लावायचो. मग नात झाली, तेव्हा पेपर खाली ठेवला.

बायको श्रावणात गेली. सकाळी म्हणाली, छातीत जड वाटतंय. दवाखान्यात नेली. दुपारी मी एकटा घरी आलो. यापेक्षा जास्त सांगण्यासारखं त्यात काही नाही, आणि असलं तरी मला लिहिता यायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस आहे.

सांगायचं आहे ते घड्याळाचं.

माझी बायको शाळेत गेलीच नव्हती. तिला घड्याळ कळायचं नाही. पण तिच्यामुळं मला कामाला एक दिवस उशीर झाला नाही. तीन पाळ्या असायच्या आमच्या. पहिली पाळी असली की कंपनीची बस पहाटे नाक्यावर यायची, आणि त्याआधी पाऊण तास ती मला हलवून उठवायची. कसं कळायचं ते तिलाच ठाऊक. पलीकडच्या कंपनीचा भोंगा, दूधवाल्याची मोटारसायकल, नळाला पाणी यायच्या आधी पाइपात होणारी खरखर, असल्या गोष्टींवर तिचा दिवस चालायचा. मला त्यात कधी काही कमी वाटलं नाही. मी घड्याळ बघायचो, ती मला उठवायची. तसंच चाललं होतं.

मग नात पहिलीत गेली. तिकडं त्यांच्या शाळेत पोरांना घड्याळ शिकवतात, पुठ्ठ्याचं घड्याळ करायला लावतात. रविवारी व्हिडिओ कॉल असायचा. नातीला मराठी थोडीथोडी कळते, पण बोलायची म्हटलं की लाजते. बायकोला तर तिकडच्या भाषेतलं ओ की ठो येत नव्हतं. दोघी एकमेकींकडं बघून हसायच्या, पापे घ्यायच्या, आणि पाच मिनिटांत संपायचं. पण त्या रविवारी नातीनं पुठ्ठ्याचं घड्याळ फोनसमोर धरलं, काटे फिरवले आणि विचारलं,

"कोलिको ये साती?"

लेक मागून म्हणाली, "आई, ती विचारतेय, किती वाजले."

बायको म्हणाली, "तिला म्हण, आज्जीला न्हाई कळत घड्याळ."

लेकीनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. नात बघतच राहिली. एवढी मोठी बाई, आणि घड्याळ कळत नाही! तिला लई आनंद झाला. ज्याला तिच्यापेक्षा कमी येतं असं एक माणूस तिला अखेर सापडलं होतं. तिनं तिथंच आज्जीची शाळा सुरू केली.

येदान सात म्हणजे एक वाजला. मी बाहेरून ओरडलो, "अगं, एक का सात, एक काय ते सांग!" बायको म्हणाली, "अवो, तुमी गप ऱ्हावा. तुमाला कुनी बोलावलंय?" द्वा साता, त्री साता, चेतिरी साता. पाचापासून पुढं साती. पेत साती, शेस्त साती, सेदाम साती. बायको भाकरी थापताना पुटपुटायची. बाजारातून ते घड्याळ आणलं ते यासाठीच, सरावाला. दोन महिन्यांत तिला तबकडी वाचता यायला लागली.

पण वाचता यायची ती बोस्नियाच्याच भाषेत. हे मला एका सकाळी कळलं. मी बाहेर चपला घालत होतो, आत ओरडून विचारलं, "किती वाजले गं?"

"सेदाम साती!"

"अगं, इथलं सांग! मराठीत!"

ती पदराला हात पुसत दारात आली. बाहेरच्या घड्याळाकडं बघितलं. ओठ हलले. मग म्हणाली, "मराठीत न्हाई येत मला. तुमी कुठं शिकिवलं?"

मी हसलो. मोठ्यानं हसलो. नाक्यावरच्या चहावाल्याकडं जाऊन माझ्या मित्रालासुद्धा सांगितलं. कंपनीत शेजारच्या प्रेसवर होता तो. तोही हसला. म्हणाला, "वहिनी परदेशी झाल्या की राव! आता भाकरीला पण तिकडचं नाव ठेवतील."

चव्वेचाळीस वर्षांचा संसार. काटा दाखवून हे पाच, हे सहा, एवढं सांगायला मला एक दुपार पुरली असती. ते सात वर्षांच्या पोरीनं सांगितलं, पाच हजार मैलांवरून. का किती मैल असतील ते.

बायको गेली तेव्हा लेक दहाव्याला आली आणि तेराव्यानंतर गेली. नातीला शाळा होती, ती आली नाही. लेक जाताना फोन मला देऊन गेली. बायकोचा फोन. गुढीपाडव्याला नवा घेतला होता, माझा आपला बटनांचा आहे. म्हणाली, "अण्णा, रविवारी याच्यावरच बोलायचं. आईच्याच वेळेला. आमचे अकरा."

आमचे अकरा म्हणजे स्वयंपाकघरातल्या घड्याळात अकरा. इथले अडीच. मी पहिल्या रविवारी अडीचला फोन लावला. लेक दिसली. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, पाणी आलं का. मग नातीला हाक मारली. नात आली. फोनमध्ये बघितलं. माझ्या मागं बघितलं, दाराकडं. मग "आबा" म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या रविवारी तेवढंही नाही. आतल्या खोलीतून आवाज आला फक्त. लेक म्हणाली, "लाजतेय हो." मी म्हणालो, "लाजत न्हाई. तिला माझ्याशी काय बोलायचं, हा प्रश्न हाय." आणि ते खरं होतं. त्या पोरीशी बोलायला माझ्याकडं काहीच नव्हतं. दोन वर्षं रविवारी जेवून मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो आणि आत त्या दोघी घड्याळ घड्याळ खेळत होत्या. खेळातला एक गडी गेला, दुसरा उठून गेला. मी तर खेळात नव्हतोच.

माझं आता दुसरं कोण आहे? गावाकडं भाऊ आहे, चाकणच्या पलीकडं. त्याची पोरं त्याच्याजवळ. माझ्या रक्ताचं पुढं चालणारं जे काही आहे ते त्या पोरीत आहे, आणि ती माझ्यासमोरून उठून जाते. मी ठरवलं, घड्याळ शिकायचं. त्या भाषेत. एवढं आलं तर ती थांबेल.

शिकवायला कोण? लेकीला सांगितलं असतं तर तिनं शिकवलं असतं, पण मला तिला सांगायचं नव्हतं. आयुष्यभर सगळ्यांना सुनावणारा माणूस मी, आता शेस्त साती म्हणत बसलोय, हे लेकीनं बघू नये असं वाटलं. मग वरच्या मजल्यावर आमच्याकडं भाड्यानं राहणारी बाई आहे, लातूरकडची, तिला एक दिवस फोन दाखवला. म्हटलं, यात बघ गं, काही आहे का. तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "काका, ह्याच्यात तर काकूचा आवाज हाय."

बायकोला लिहिता येत नव्हतं म्हणून ती नातीला बोलून पाठवायची. दिवसातून दोनदा, तीनदा. घड्याळाकडं बघायची, किती वाजले ते तिकडच्या भाषेत सांगायची, आणि पुढं मराठीत काहीतरी. जुन्या फोनमधलं सगळं गेलं होतं, पण पाडव्यापासून श्रावणापर्यंतचं सगळं होतं.

वरची बाई निघून गेल्यावर मी दार लावलं आणि पहिलं लावलं.

"पेत साती. दूध नासलं बघ."

तेवढंच. आवाज असा की आतल्या खोलीत आहे. मी उठून आत बघितलं. माणूस खुळं असतं.

"ओसाम साती. पाणी आलं, आता धुणं."

"त्री साता. आज दवाखान्यात गेल्ते. काय न्हाई झालं, तू आईला सांगू नको."

हे ऐकून मी फोन बाजूला ठेवला. ती दवाखान्यात गेली होती ते मला माहीत नव्हतं. नातीला माहीत होतं.

आणि एक असं: "द्वानाएस्त साती. आबा घोरतोय, ऐक." मग तिनं फोन बाहेरच्या खोलीकडं धरला असणार, कारण पुढं मी घोरत होतो. लोहाराच्या भात्यासारखा. आणि माझ्या घोरण्याच्या मागं तिचं हसू. ते एक मी किती वेळा लावलं ते सांगत नाही.

अशी माझी शाळा सुरू झाली. सकाळी चहा झाला की फोन घेऊन फ्रिजपुढं बसायचं. ती म्हणेल ते म्हणायचं. घड्याळात सहा वाजले की तिचं शेस्त साती शोधायचं आणि तिच्यामागून म्हणायचं. चेतिरी म्हणताना तिची जीभ जिथं अडायची तिथंच माझीही अडायला लागली. अर्ध्या तासाचा मी नाद सोडला. तिकडं साडेसात म्हणायचं तर आठाचा अर्धा म्हणतात, पोला ओसाम. ते बायकोला जमलं होतं, मला नाही. मी पुऱ्या तासांवर भागवायचं ठरवलं.

बारापैकी अकरा तास मिळाले. दहा मिळेना. सगळे आवाज दोनदा तपासले, दहा वाजल्याचं एकही नव्हतं. नऊचे होते, अकराचे होते. चार दिवस मी विचार करत होतो की ही दहाला काय करत होती. मग लक्षात आलं. तिकडं दहा वाजतात तेव्हा इथं दीड वाजतो. दीडला मी पानावर बसलेला असायचो आणि ती तव्यावरची भाकरी थेट ताटात टाकायची. एका हातानं वाढायची, दुसरा पिठाचा. फोन कुठं धरणार?

मित्राला चहाच्या टपरीवर हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "अरे, पोरीला वेळ इचारायला परदेशी भाषा कशाला शिकतो? मोबाईलवर दिसतं की तिकडं किती वाजले."

"तुला न्हाई कळायचं."

"मला कळायचं न्हाई ते खरं. पण एक सांग, वेळ इचारून झाली की पुढं काय बोलणार?"

"पुढचं पुढं."

"म्हंजी दोन शब्दासाठी एवढा आटापिटा."

"दोन शब्द लई झाले," मी म्हणालो. "तू सुनेशी दिवसात किती बोलतो?" त्यावर तो चहाचे पैसे मीच देतो म्हणाला.

या वर्षी आमच्याकडं दिवाळी नव्हती. वर्षाच्या आत करत नाहीत. फराळ नाही, आकाशकंदील नाही, साफसफाई नाही. दिवाळीच्या मागंपुढं एका रविवारी मला वाटलं, आता तयारी झाली. दहा येत नव्हतं, पण फोन तर अकराला असतो. येदानाएस्त पाठ होतं. पांढरा शर्ट घातला, दाढी केली, घड्याळासमोर खुर्ची टाकून बसलो. काटा अकरावर आला तसा फोन लावला.

वाजून वाजून बंद झाला.

परत लावला. नाही. पाच वेळा लावला. आजपर्यंत असं झालं नव्हतं. अकरा म्हणजे अकरा, लेक फोन हातात घेऊन बसलेली असायची. मी अर्धा तास वाट बघितली. मग माझं डोकं फिरलं. आई गेली, आता म्हाताऱ्याला कोण विचारतं. फोन कपाटात साड्यांच्या मागं टाकला, दाराला कुलूप लावलं आणि आळंदीच्या बसमध्ये बसलो. इंद्रायणीच्या घाटावर अंधार पडेपर्यंत होतो. आल्यावर बघितलं तर लेकीचे फोन येऊन गेले होते. आता आठवण झाली होय! मी उलटा फोन केला नाही.

पुढच्या रविवारी परत तेच. काटा अकरावर, फोन वाजतोय, उचलत कोणी नाही. मी परत फोन कपाटात आणि परत घाटावर. तिसऱ्या रविवारी तेच. मधल्या वारी लेक माझ्या बटनांच्या फोनवर करायची, मी उचलत नव्हतो. मला राग आला की मी असाच आहे. मशीनवर हात चिरला तरी मी कुणाला सांगायचो नाही. बायको रक्त बघून ओळखायची.

तिसऱ्या रविवारनंतरच्या बुधवारी वरची बाई धावत खाली आली. तिच्या हातात तिचा फोन. "काका, लेक हाय तुमची. रडायलीय. घ्या आधी."

मी घेतला. "काय हाय?"

"अण्णा! जिवंत आहात का? तीन आठवडे झाले! मी इथं मरतेय काळजीनं आणि तुम्ही फोन उचलत नाही?"

"मी उचलत न्हाई? तीन रविवार अकराला फोन लावतोय, तू उचलती का? एक रविवार उचलला का?"

"अण्णा, तुम्ही दहाला लावताय! दहाला ती नाचाच्या क्लासला असते, मी तिच्याबरोबर असते, फोन पिशवीत बंद असतो. साडेदहाला सुटतो क्लास."

"मला येडा समजती का? मला घड्याळ कळतं. अकरा वाजले होते."

"कुठल्या घड्याळात?"

"तुझ्या आईच्या."

ती हळू आवाजात म्हणाली, "अण्णा, आईचं घड्याळ कुणी मागं केलं का?"

"कुणी कशाला मागं करील?"

मग तिनं मला सांगितलं. तिकडं थंडी सुरू व्हायला लागली की सगळा देश एका रविवारी घड्याळ एक तास मागं करतो, आणि उन्हाळा यायला लागला की परत एक तास पुढं. सरकारच सांगतं. मला पटेना. म्हणालो, वेळ काय कुणाच्या सांगण्यावर चालते का? ती म्हणाली, अण्णा, इथं चालते. म्हणून हिवाळ्यात साडेतीन नाही, साडेचार तासांचं अंतर असतं. आई दर वेळेला बदलायची. दिवाळीच्या दिवसांत आणि पाडव्याच्या दिवसांत.

मी फोन वरच्या बाईला दिला आणि आत जाऊन बसलो.

ते स्टूल मी बघितलं होतं. दर दिवाळीला आणि दर पाडव्याला. फ्रिजशेजारी स्टूल, त्यावर ती, पदर खोचलेला, एक हात वर. मी बाहेरून म्हणायचो, "पडशील, उतर. जळमटं नंतर काढ." ती म्हणायची, "झालंच." मला वाटायचं सणाची साफसफाई चाललीय. ती साफसफाई करतच होती म्हणा, पण त्या स्टुलावर ती घड्याळ बदलत होती, आणि मी त्याच खोलीतून पाण्याचा तांब्या घेऊन परत झोपायला जायचो. या वर्षी दिवाळी नव्हती. स्टुलावर कोणी चढलं नाही.

रात्री जेवताना मी घड्याळाकडं बघितलं. ते एका तासानं चुकीचं होतं. इथली वेळ दाखवत नव्हतं आणि तिकडचीही नाही. जगात कुठल्याच गावाची वेळ ते दाखवत नव्हतं, मला वाटतं. एक काम सोपं होतं. उतरवायचं, मागचं बटन फिरवायचं, टांगायचं. दोन मिनिटं. पण हात उचलेना. पाडव्याला तिनं लावलं होतं. काटे जिथं आहेत ते तिच्या हातानं ठेवलेल्या जागेवरून फिरत फिरत आलेत. मी बटन फिरवलं की ते संपलं. मग ते माझं घड्याळ.

लेकीला मी गुरुवारी तेच सांगितलं. म्हणालो, "घड्याळ राहू दे तसंच. तूच लाव फोन."

ती म्हणाली, "बरं, अण्णा."

रविवारी फोन आला तेव्हा इथं साडेतीन वाजले होते. स्वयंपाकघरात बारा. मी पांढरा शर्ट घातला होता. लेकीनं नातीला ओढूनच आणली असावी, कारण तिचं तोंड फुगलेलं होतं आणि ती फोनकडं न बघता स्वतःच्या बाहीकडं बघत होती. आता ती जाणार हे मला कळत होतं. मी घाईनं म्हणालो,

"कोलिको ये साती?"

तिनं वर बघितलं. लेकीनंही बघितलं, तिचा हात तोंडावर गेला.

नातीनं भिंतीकडं बघितलं आणि पुटपुटली, "येदानाएस्त."

"येदानाएस्त साती," मी म्हणालो. आणि मला पुढं काय करायचं ते सुचेना. मित्राचं खरं होतं, वेळ विचारून झाली की पुढं काय? मी उठलो आणि फोन फिरवून आज्जीचं घड्याळ दाखवलं. काटे बारावर.

"निये!" ती ओरडली. "निये द्वानाएस्त!" बारा नाहीत! आणि हसली. बरोबर तेच हसू, दोन वर्षं मी भिंतीपलीकडून ऐकलेलं. दुसऱ्याची चूक सापडली की हसते ती.

मी म्हणालो, "आज्जीनं लावलंय गं ते."

आज्जी एवढा शब्द तिला कळला. मग तिच्या भाषेत भराभरा काहीतरी बोलत सुटली, हात वर करून, बोट गोल फिरवून. मला एक अक्षर कळेना. लेक ते मराठीत सांगायला लागली.

"अण्णा, ती म्हणतेय... आज्जी स्टुलावर चढायची आणि काटे फिरवायची. आणि कुठं थांबायचं ते मी सांगायचे. स्तानी म्हटलं की आज्जी थांबायची. म्हणतेय, आज्जीला एकटीला येत नव्हतं. आम्ही दोघींनी लावलं होतं."

मी फोन डब्याला टेकवून उभा केला. स्टूल आणलं. गुडघे वाजले, फ्रिजला धरून चढलो, खिळ्यावरून घड्याळ काढलं. उलटं केलं तर मागं, बटनाच्या शेजारी, दोन कुंकवाचे ठिपके. वाळून काळपट झालेले. दसऱ्याला आम्ही कंपनीत मशीनला हळदकुंकू वाहायचो, घरी ती शिवणयंत्राला, विळीला आणि पाट्यावरवंट्याला वाहायची. यालाही वाहिलं होतं, दोन दसरे. तिसरा ठिपका नव्हता.

"आबा!" फोनमधून हुकूम आला. "नाझाद!"

लेक म्हणाली, "मागं फिरवा म्हणतेय."

मी तबकडी तिच्याकडं धरली आणि अंगठ्यानं बटन फिरवायला लागलो. माझी बोटं जाड आहेत, प्रेसची. बटन एवढंसं. काटा सरकेना, मग एकदम सरकला. पाऊण, अर्धा, पाव, अकरा. "स्तानी!" ती ओरडली. "स्तानी! स्तानी!" पण माझा अंगठा थांबला तोवर काटा भलताच पुढं गेला होता. म्हणजे मागं.

ती पोट धरून हसत होती. "देसेत!" म्हणत होती. "आबा, देसेत!"

"काय म्हणती?"

"दहा," लेक म्हणाली. "दहावर नेलंत तुम्ही, अण्णा."

मी स्टुलावर उभा होतो, घड्याळ छातीशी. "परत म्हणायला सांग."

"देसेत साती," नात म्हणाली. सावकाश, शाळेतल्या बाईसारखी.

"देसेत साती," मी म्हणालो.

"दोब्रो." शाबास म्हणत असणार, एवढं मला न विचारता कळलं.

मग तिनं मला पुढं नेलं, हळूहळू, योश, योश, म्हणजे अजून, अजून म्हणत, अकराच्या थोडं पुढपर्यंत, कारण एव्हाना दहा मिनिटं होऊन गेली होती. स्तानी. थांबलो. या वेळेला बरोबर थांबलो. खिळ्यावर टांगलं. कुंकवाचे ठिपके भिंतीकडं गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी केली. मला अजून गोल जमत नाही. जेवायला बसलो तेव्हा वर बघितलं, काटा दहावर होता. हिवाळ्यात दहा म्हणजे इथले अडीच, आणि एकटा माणूस जेवायला उशीरच करतो. मी बायकोचा फोन घेतला. वरच्या बाईनं बटन दाखवून ठेवलं होतं, दाबून धरायचं आणि बोलायचं.

"देसेत साती," मी म्हणालो. "भाकरी करपली."

नातीला गेलं ते. बायकोच्या नावाखाली, तिच्या फोटोशेजारी, तिच्या सगळ्या आवाजांच्या खाली ते जाऊन बसलं. वर तिचं द्वानाएस्त, तिचं ओसाम, तिचं नासलेलं दूध. मी ताट पुढं ओढलं. समोर तव्यावर दुसरी भाकरी होती, ती उठून मलाच आणावी लागली.